दहा माणसं, सात तिकिटं

थोरलीने उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि ज्यांनी न मागता दिलं त्यांनाही तिने ते का दिलं म्हणून जाब विचारला होता. गणवेश शिवायचं दुकान तिने एका मशीनवर सुरू केलं आणि सात मशीनवर नेलं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पण निम्मी गल्ली तिच्या हातच्या कॉलरी घालून शाळेत गेली होती, त्यामुळे शिक्षणाशी आपला संबंध इतरांपेक्षा जास्तच आहे असं ती मानायची.

तिची धाकटी बहीण बसने पाच तासांवर राहायची. दोघी सहा वर्षं बोलत नव्हत्या.

कारण लपवण्यासारखं नव्हतं. धाकटीचा नवरा जन्माचा उशिरा पोचणारा माणूस. स्वतःच्या लग्नाला उशिरा आला, नोकरीवर रोज उशिरा गेला, आणि निवृत्तीच्या निरोप समारंभाला पोचला तोवर लोक चहा पिऊन पांगले होते. तो वारला त्या दिवशी मात्र शववाहिका सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी येऊन उभी राहिली. थोरली दारातच होती. ती म्हणाली, "चला, एकदा तरी वेळेवर निघाला."

म्हणाली हळूच. पण थोरलीचं हळू म्हणजे सात मशीनच्या घरघराटावर ऐकू जायला शिकलेलं हळू. जिन्यावरचे दोघेतिघे हसले. धाकटी हसली नाही. त्यानंतर तिने फोन उचलला नाही, आणि एक महिना वाट बघून थोरलीनेही करायचं सोडलं. आपण खोटं काय बोललो, असं थोरलीचं म्हणणं. धाकटीचं म्हणणं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती बोलतच नव्हती.

दोरेवाला महिन्यातून एकदा दोऱ्याची रिळं घेऊन यायचा. दोन्ही गावं त्याच्या फेरीत होती, आणि गावभरच्या बातम्या तो रिळांबरोबर फुकट द्यायचा. त्या महिन्यात पांढऱ्या रिळांची पेटी उतरवता उतरवता तो म्हणाला की तुमच्या धाकट्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन आहे, येत्या सोमवारी. पुढे तीन आठवडे अंथरुणात. घरात दुसरं माणूस नाही, पण कुणाला सांगितलेलंही दिसत नाही.

थोरली म्हणाली, "बरं. पांढऱ्याचा भाव काय लावलास?"

त्या दिवशी तिने चार कॉलरी उलट्या बेतल्या. काजवालीने, म्हणजे बटनांची घरं करणाऱ्या बाईने, त्या चार कॉलरी गुपचूप चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या आणि वर दुसरं कापड दाबलं.

थोरलीला जायचं होतं. हे तिला स्वतःला कळायलाच संध्याकाळ झाली. पण उठून गेलं तर ते जाणं झालं असतं. सहा वर्षांनी, बॅग घेऊन, पूर्ण भाड्याचं तिकीट काढून धाकटीच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय, हे धाकटीलाही कळलं असतं आणि गल्लीलाही. चूक कबूल करायला माणसाने इतका खर्च करू नये.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर पार्सल टाकायला गेली तेव्हा तिथे नवी पाटी दिसली. थोरलीने ती तिच्या पद्धतीने वाचली, अक्षर अक्षर, ओठ हलवून. गट-सवलत. दहा जणांनी मिळून प्रवास केल्यास सात जणांचंच भाडं. जाऊन-येऊन.

ती पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. आपण कुठे जात नाही, फक्त वाचवतोय, असं सांगता येईल अशी सोय बसवाल्यांनी करून ठेवली होती.

नऊ माणसं जमवायला तिला दोन दिवस लागले. सूनबाईला तिने सांगितलं की दोऱ्याच्या घाऊक बाजारात जायचंय. सूनबाईने "हो आई" म्हटलं आणि सासूच्या बॅगेत, न विचारता, दोन दिवसांऐवजी आठवडाभराचे कपडे भरले. काजवालीला आणि तिच्या नणंदेला सुट्टी हवीच होती. समोरचे किल्लीवाले तीन भाऊ, जे एका टपरीत तीन स्टुलांवर बसून दिवसभरात तीन वाक्यं बोलायचे, त्यांना तिथल्या कुलपांच्या बाजाराचं आमिष दाखवलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मधल्याने मान डोलावली. शेजारचे निवृत्त मास्तर त्या गावच्या मनोऱ्याला तीनशे बारा पायऱ्या असल्याचं ऐकून होते आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. मास्तर आले म्हणजे मास्तरीणबाई आल्याच.

झाले नऊ. दहावं माणूस सूनबाईने सुचवलं. तिची आई.

विहीणबाई म्हणजे थोरलीच्या पायातला काटा. शिकलेली बाई, पोस्टात नोकरी केलेली. आवाज असा की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. तुम्ही काहीही सांगा, घर जळलं म्हणून सांगा, ती म्हणायची, "हो का?" तेवढंच. थोरलीने पाचवं मशीन घेतलं तेव्हा "हो का?" आणि सातवं घेतलं तेव्हाही "हो का?" पर्समध्ये एक प्लास्टिकचं पाकीट, त्यात सगळ्या कागदांच्या दोन दोन प्रती. थोरलीने दोन दिवस दुसरं कुणी मिळतंय का ते पाहिलं. मिळालं नाही. तीन माणसांचं भाडं वाचत होतं. तिने विहीणबाईंना निरोप धाडला.

खिडकीवर फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, गटप्रमुख कोण. प्रश्नच विचित्र होता. बाकीच्या नऊ जणांनी थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते उघड होतं. तिने सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं, जणू एकेकाला नीट बसवून मगच पुढच्याला आत घेत होती. मागून मास्तरांनी तिकिटाच्या पाठीवरच्या अटी मोठ्याने वाचल्या. दहाही जणांनी जाता-येता सोबत असणं आवश्यक. मूळ कागद गटप्रमुखाजवळच हवा. गटप्रमुख हजर नसल्यास सवलत रद्द आणि प्रत्येकाला परतीचं पूर्ण भाडं. आणि शेवटची अट, जी मास्तरांनी दोनदा वाचली: गटातील सर्वांनी प्रवासभर एकत्र राहणे बंधनकारक आहे.

"प्रवासभर," मास्तर बोट वर करून म्हणाले. "घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचा तो प्रवास. बसपुरतं असतं तर बसमध्ये असं लिहिलं असतं."

मास्तरांनी छत्तीस वर्षं भाषा शिकवली होती. कुणी वाद घातला नाही.

त्यामुळे शनिवारी दुपारी ते दहा जण त्या गावात उतरले आणि दहाचे दहाच राहिले. काजवालीच्या नणंदेची चप्पल तुटली, ती घ्यायला दहा जण दुकानात गेले. दुकानदाराने दहा खुर्च्या मांडल्या, आणि एक जोड खपल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे पाहवेना. किल्लीवाल्यांसाठी कुलपांच्या बाजारात दहा जण दीड तास उभे राहिले. तिथे थोरल्या भावाने एक कुलूप हातात घेतलं, धाकट्याला दिलं, धाकट्याने परत ठेवलं, आणि तेवढ्यावर तिघं खूश होते. मनोऱ्यावर सगळे चढले, कारण मास्तर चढले. पायऱ्या तीनशे अकरा निघाल्या. मास्तरीणबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, पण मास्तर म्हणाले, खात्रीसाठी उतरताना पुन्हा मोजू.

दोऱ्याच्या बाजारात थोरलीने काहीच घेतलं नाही. उन्हं कलायला लागली तशी ती सारखी रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बघायला लागली. धाकटीचं घर तिथून दोन गल्ल्या पुढे होतं. एकटीनेच सहज डोकावून यायचं, पाच मिनिटं, असा तिचा बेत होता.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

"आपण," मास्तर म्हणाले.

तिने मास्तरांकडे असं पाहिलं की एखाद्या शिलाई मशीनची सुई मोडली असती. पण तिकिटाचा कागद तिच्याच ब्लाउजात होता आणि तीन माणसांचं भाडं त्यावर लटकलं होतं.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती. दार उघडायला तिला वेळ लागला. आतून काठीचा आवाज आला, मग कुलपाची बराच वेळ खटखट, मग दार फटीएवढं उघडलं. सहा वर्षांत ती बारीक झाली होती. एक खांदा खाली आला होता.

तिने थोरलीकडे पाहिलं. मग तिच्या मागे जिन्यावर ओळीने उभ्या असलेल्या नऊ माणसांकडे पाहिलं.

"कशी काय आलीस?"

"तिकीट स्वस्त पडलं," थोरली म्हणाली.

धाकटीने यावर थोडा विचार केला आणि दार उघडलं. दोन खोल्या, चार खुर्च्या. खुर्च्यांवर बायका बसल्या, मास्तर खिडकीपाशी उभे राहिले, आणि किल्लीवाले तिघे आतच आले नाहीत, कारण त्यांना दाराचं कुलूप दिसलं होतं. ते तिथेच उकिडवे बसले आणि कामाला लागले. ओळख करून देणं सूनबाईने केलं. मास्तर म्हणाले, अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत आपल्याकडे, आणि वर म्हणाले, खुब्याला वाईट. मास्तरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

चहा सूनबाईने केला. पेले सहाच होते, तेव्हा लोक पाळीपाळीने प्याले. थोरली भिंतीला टेकून उभी होती आणि बघत होती. बेतणाऱ्या बाईचे डोळे, त्यांना मापं आपोआप दिसतात. पलंग फार खाली होता, उठताबसता येणार नाही. मोरीत धरायला काही नव्हतं. किराणा वरच्या फळीवर. दाराशी दवाखान्याची बॅग भरून ठेवलेली, तिच्या कडीला एक कागद बांधलेला, त्यावर नाव आणि एक फोन नंबर. तो नंबर कुणाचा, असं थोरलीने सूनबाईकरवी विचारवलं. धाकटी म्हणाली, खालच्या वाण्याचा, तो दिवसभर दुकानात असतो म्हणून.

"सगळी सोय झालीये माझी," ती सूनबाईला म्हणाली, थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने. "कुणाला त्रास नाही."

"त्रास करून घ्यायला इथे कुणी आलेलंच नाही," थोरली चहाच्या पेल्याला म्हणाली. "आम्ही फिरायला आलोय."

"छान आहे आमचं गाव."

"मनोरा पाहिला."

"तीनशे बारा पायऱ्या," धाकटी म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. मास्तरीणबाईंचा पाय अजून तिथेच होता.

बाहेरून कुलूप बसल्याचा आवाज आला, स्वच्छ, एका खटक्यात. किल्लीवाल्यांपैकी मधल्याने दार तीनदा उघडून लावून दाखवलं. धाकटीने त्याचे काय द्यायचे ते विचारलं, तर तिघांनी एकदम मान हलवली आणि जिना उतरायला लागले. एकदा तिघे उतरले म्हटल्यावर सगळ्यांनाच उतरावं लागलं, कारण एकत्र राहणं बंधनकारक होतं. थोरली सगळ्यांत शेवटी उंबऱ्याशी थांबली. काहीतरी म्हणायचं होतं. तिने दाराच्या चौकटीवर हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा, आणि म्हणाली, "पलंग खाली आहे फार."

"चालतोय मला," धाकटी म्हणाली.

रविवारी परतीची बस तीनची होती. सकाळभर थोरली लॉजच्या गॅलरीत बसून होती आणि स्वतःशी हिशेब घालत होती. राहायला हवं, हे तिला दिसत होतं. उद्या सकाळी त्या बाईला टेबलावर घेणार, आणि बाहेर कुणी नाही, तर वाण्याला फोन जाणार. पण गटप्रमुख हजर नसल्यास सवलत रद्द. नऊ जणांना परतीचं पूर्ण भाडं. ते आपणच भरावं म्हटलं, तर तिघांचं वाचवायला निघालेली बाई नऊ जणांचं भरून आली, ही गोष्ट गल्लीला पुढची वीस वर्षं पुरली असती. आणि ती का भरून आली हेही गल्लीला कळलं असतं. बाकीच्यांना काही कळलेलं नाही, अशी तिची समजूत होती. बाकीचे सकाळपासून तिच्याशी जरा जास्तच मऊ बोलत होते, ते तिने थकव्यावर घातलं.

दोन वाजता बसस्टँडवर तिने सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि एकटीच खिडकीशी गेली. मास्तर उठायला लागले तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "बसा."

खिडकीवर एक तरुण कारकून होता, नाकावर सर्दी. थोरलीने विचारलं, समजा, कुणा एखाद्या गटातल्या प्रमुखाला परत जायचं नसलं तर काय करतात. तिच्या ओळखीत एक आहे.

"प्रमुख बदलायचा," कारकून म्हणाला. "फॉर्म आहे." त्याने एक कागद सरकवला. "नवा प्रमुख गटातलाच हवा, ओळखपत्र हवं, आणि जुन्या प्रमुखाची सही. मग उरलेले नऊ त्याच सवलतीत जाऊ शकतात."

"इतकं सोपं?"

"सोपंच आहे. इथे कारणापुढे खूण करायची."

आणि बोलता बोलता थोरलीने विचारलं की हे प्रवासभर एकत्र राहणं, ते कसं. कारकून म्हणाला, बसमध्ये हो. बाहेर तुम्ही कुठेही जा, आम्हाला काय करायचंय. हे बाकांपर्यंत ऐकू गेलं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या पाहण्यात होतं. मास्तर पायऱ्या नसलेल्या जमिनीकडे बघत बसले.

थोरलीने कागद उचलला आणि कडेच्या बाकावर जाऊन वाचायला घेतला. मूळ गटप्रमुख पुढील कारणामुळे गटाचे नेतृत्व करू शकत नाही. खाली तीन चौकोन. पहिल्यापुढे मृत. ते झटकन वाचलं. दुसऱ्यापुढे गंभीर आजारी. तिसरं लांब होतं. अ. स. म. आणि पुढे तो रफार. शाळेपासून रफार तिला अक्षराच्या डोक्यावर बसलेल्या माशीसारखा वाटायचा, हाकलावा की वाचावा कळायचं नाही. तिने ओठ हलवले. अ-स-म-र्थ.

असमर्थ.

ती उठून पुन्हा खिडकीशी गेली.

"हा शब्द बदला," ती म्हणाली.

"छापील आहे मावशी."

"माझ्या त्या ओळखीच्या बाईला काही झालेलं नाही. ती राहणार आहे. थांबणार आहे, एवढं लिहा."

"तसा चौकोन नाही." त्याने नाक पुसलं. "तीनच आहेत."

थोरलीने तिन्ही चौकोन पुन्हा पाहिले. "मग हा पहिला करते."

"मृतला दाखला लागतो."

"आणि दुसऱ्याला?"

"डॉक्टरांची चिठ्ठी."

"आणि या तिसऱ्याला?"

"त्याला काही लागत नाही. नुसती सही."

हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. मेलीस म्हटलं तर पुरावा आण म्हणतात, आजारी आहेस म्हटलं तर पुरावा आण म्हणतात, आणि असमर्थ म्हटलं की जगाचा लगेच विश्वास बसतो. एका मशीनची सात करणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मला नऊ माणसं बसमधून घरी नेता येत नाहीत. तेही पाच तासांच्या रस्त्यावर. तेही ड्रायव्हर असताना.

ती बाकावर बसून राहिली. बस येऊन लागली. ड्रायव्हर उतरून टायरला लाथा मारून बघत होता. घड्याळात अडीच झाले. धाकटीला लहानपणी काटा टोचला तरी ती सांगायची नाही, पाय दुखतोय हे तिच्या चालण्यावरून ओळखावं लागायचं, आणि ओळखायचं काम थोरलीचं होतं. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं. कुणी काढूनही घेतलं नव्हतं.

"सूनबाई," तिने हाक मारली, "ओळखपत्र कुणी आणलंय?"

कुणी आणलं नव्हतं. किल्लीवाल्यांनी खिसे चाचपले, तिघांनी तिघांचे. मास्तरांचं घरच्या कपाटात होतं, कपाटाची किल्ली मास्तरीणबाईंकडे होती, आणि त्याचा आत्ता काही उपयोग नव्हता. मग प्लास्टिकचं पाकीट उघडल्याचा आवाज आला. थोरलीने डोळे मिटून घेतले. दुसरं कोण असणार होतं.

विहीणबाई येऊन शेजारी बसल्या. ओळखपत्र, आणि त्याच्या दोन प्रती. थोरलीने फॉर्म त्यांच्यापुढे धरला. तिसऱ्या चौकोनात खूण अजून केलेली नव्हती, पण बोट तिथेच होतं.

"वाचा जरा," ती म्हणाली. "माझा चष्मा सूनबाईच्या पिशवीत राहिलाय. हे काय लिहिलंय इथे?"

विहीणबाईंनी साखळीचा चष्मा नाकावर चढवला. पोस्टात तीस वर्षं लोकांची अक्षरं लावलेली बाई. तिने तो छापील शब्द बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला.

"थांबणार आहे, असं लिहिलंय," विहीणबाई म्हणाल्या.

थोरलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. विहीणबाई समोर बसच्या टायरकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या थापा मारत होत्या आणि कान लाल झाले होते.

"हो का?" थोरली म्हणाली.

तिने चौकोनात खूण केली आणि सही केली. नेहमीसारखीच, अक्षर अक्षर. बस हॉर्न देत होती, तरी एकही अक्षर तिने घाईत बसवलं नाही. मग तिकिटाचा कागद काढून विहीणबाईंच्या हातात दिला आणि सांगितलं की काजवालीला खिडकीशी बसवू नका, तिला मळमळतं. किल्लीवाल्यांना तीन सीट सलग द्या, नाहीतर ते उभ्याने येतील. आणि मास्तरांना काही वाचायला देऊ नका.

सूनबाईने आठवडाभराच्या कपड्यांची बॅग खाली ठेवली. "दुकान मी बघते, आई."

"तेच तर भय आहे," थोरली म्हणाली. पण बॅगेचं वजन हाताला लागलं तशी ती थांबली. दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग इतकी जड नसते. मग तिने दुकानाच्या किल्ल्या काढून दिल्या, आणि निळ्या कापडाचा तागा उन्हात ठेवू नकोस म्हणून बजावलं.

बस सुटली तेव्हा विहीणबाई सगळ्यांत पुढच्या सीटवर, कागद दोन्ही हातांत धरून, ताठ बसल्या होत्या. जरा जास्तच ताठ, असं थोरलीला वाटलं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅग नेताना ती दोनदा थांबली. या वेळी दार लगेच उघडलं. धाकटीने तिच्यामागे जिन्यावर पाहिलं. कुणी नव्हतं.

"काही विसरलीस?"

"नाही."

"बस?"

"गेली."

"आणि तू?"

थोरलीने बॅग आत ठेवली. धाकटी दाराला धरून उभी होती, काठी दुसऱ्या हातात. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी दिसत होती.

"म्हणजे परतीचं तुला वेगळं काढावं लागेल," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"एकटीचं. सवलत नाही."

"नाही."

"पूर्ण भाडं?"

"पूर्ण," थोरली म्हणाली. यापेक्षा जास्त ती काही सांगू शकली नसती, आणि धाकटीनेही विचारलं नाही. ती दारातून बाजूला झाली.

थोरलीने चपला काढल्या आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पलंगाची उंची टेपने मापली. टेप तिच्या गळ्यात नसला तरी पर्समध्ये असायचाच. चार बोटांचे ठोकळे लागतील, वाण्याकडे लाकडी खोके असतील तर काम होईल. ती बोलत होती आणि धाकटी दारात काठी टेकून बघत होती.

"ते तू म्हणाली होतीस ना," धाकटी म्हणाली, "वेळेवर निघाला म्हणून."

टेप मिटायचा थांबला.

"त्या दिवशी मी सकाळपासून तेच मनात धरून होते. गाडी आली की म्हणेन म्हणून. त्याला आवडलं असतं." तिने काठी बदलली. "तू आधी बोलून टाकलंस. जन्मभर तू आधी बोलतेस, ताई. नवरा माझा होता. बोलायचं मी होतं."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. सहा वर्षं ती खरं बोलल्याची शिक्षा भोगत होती, आणि आता कळलं की भांडण खऱ्याखोट्याचं नव्हतंच. ती तशीच बसून राहिली, आणि निदान या वेळी आधी बोलली नाही.

"तुला राहायची गरज नव्हती," धाकटी म्हणाली. "मी नर्स ठेवलीये. दिवसरात्रीची."

थोरलीने खोलीकडे पाहिलं. नर्सला झोपायला कुठे जागा होती ते तिला दिसलं नाही, आणि तिने ते विचारलंही नाही.

"मग कळव तिला," ती म्हणाली. "नको म्हणून."

धाकटी फोनपाशी गेली. नंबर न दाबता तिने फोन कानाला लावला, आणि खिडकीकडे तोंड करून, बऱ्याच अदबीने, सांगितलं की माझी बहीण आलीये, तेव्हा तुम्ही उद्या येऊ नका. मग थोडं ऐकून घेतलं. मग म्हणाली की हो, सख्खी. थोरली.

"काय म्हणाली?" थोरलीने विचारलं.

"जरा नाराज झाली," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. "पण समजून घेतलं तिने."

थोरली ठोकळ्यांचं विचारायला खाली वाण्याकडे निघाली. दारापाशी दवाखान्याची बॅग होती. कडीला बांधलेला कागद तिने सोडवला, वाण्याचा नंबर खोडला आणि त्याखाली स्वतःचा लिहिला, एकेक आकडा सुटा, कुणालाही लांबून वाचता येईल एवढा मोठा.